‘किती मारले?’ हा प्रश्न कसा विचारावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. करून तुम्ही कॅनडात आलात, आणि येत्या उन्हाळ्यात अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या एका छोट्या इनुइट (तिथले मूळ रहिवासी) गावात घरोघरी जाऊन वर्षभरातली शिकार, मासेमारी आणि सापळ्यात धरलेली जनावरं यांची नोंद करायचं काम तुमच्याकडे आलंय. फॉर्म कसा करावा, लोक खरं सांगतील का, सगळी घरं भेटली नाहीत तर गावाचा एकूण आकडा कसा काढावा, असं तुम्ही विचारलंय. शिवाय शेवटी कंसात ‘मी शाकाहारी आहे, अडचण होईल का?’ असंही आहे. हे काम मी उत्तर कॅनडात १७ वर्षं केलं, त्यामुळे चारही प्रश्नांवर बोलता येईल. कंसातला प्रश्न मात्र शेवटी घेते.

आधी दुसरा प्रश्न, कारण बाकीचे त्याच्यावर टेकलेले आहेत. ‘लोक खरं सांगतील का’ हे तुम्ही त्यांच्याबद्दल विचारताय. मी ते उलटं करून बघते: खरं सांगितल्यावर त्यांचं काय होणार आहे? आपल्याकडे पिकाची पैसेवारी काढतात तेव्हा शेतकऱ्याला विचारून बघा यंदा कसं पिकलं. पन्नास पैशांच्या खाली गेली तर दुष्काळाच्या सवलती, वर राहिली तर काही नाही, हे ज्याला माहीत आहे तो ‘भरघोस पिकलं’ असं कशाला म्हणेल? तो खोटारडा नाही. आकडा कुठे जातो हे त्याला कळतं, एवढंच.

उत्तरेत हा ओढा दोन्ही बाजूंनी असतो. १९७५च्या, क्वेबेकमधल्या जेम्स बे करारात क्री आणि इनुइट या मूळ रहिवाशांना शिकारीची एक पातळी हमखास मिळेल असं ठरलं, आणि ती पातळी काढायची होती प्रत्यक्ष नोंदींवरून. १९९३च्या नुनावुत करारानेही असंच काम सांगितलं; १९९६ ते २००१ अशी पाच वर्षं गावोगावी शिकारीची नोंद झाली, आणि कुठल्या गावाची कुठल्या प्राण्याची मूलभूत गरज किती, हे त्यावरून ठरायचं होतं. अशा वेळी आकडा थोडा फुगवून सांगणं कोणाच्याही मनात येईल. याउलट जिथे आकडा वॉर्डनच्या (शिकारीचे कायदे राबवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) हाती पडेल अशी भीती असते, तिथे तो आक्रसतो.

ती भीती उगाच नाही. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडासाठी ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला. त्यात वसंतातली शिकार बंद केली. दक्षिणेतल्या शिकाऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्याकडे पक्षी शरदात येतात. उत्तरेत मात्र हिवाळ्याची साठवण संपलेली असताना, वसंतात, बदकं आणि गीझ (रानहंस) येतात, आणि करारातल्या बंदीच्या तारखा संपेपर्यंत ते परतीच्या वाटेलाही लागतात. म्हणजे कायदा पाळायचा तर पक्षी खायचाच नाही. १९६१ साली अलास्कातल्या बॅरो गावात (आता त्याचं नाव उत्कियागविक) बंदीच्या काळात बदक मारलं म्हणून अटक झाली. त्यावर गावातली १३८ माणसं एकेक बदक हातात घेऊन वॉर्डनपुढे उभी राहिली: आम्हीही मारलंय, करा अटक. वॉर्डनकडे एवढ्यांना ठेवायला जागा नव्हती. वसंतातल्या शिकारीला कायद्यात रीतसर जागा मिळायला त्यानंतरही कित्येक वर्षं गेली. कराराची दुरुस्ती १९९०च्या दशकात झाली. अशा गावात कोणी बाहेरची मुलगी फॉर्म घेऊन गेली आणि ‘मे महिन्यात किती गीझ?’ म्हणाली, तर उत्तर ‘शून्य’ येणार, आणि ते देणाऱ्याला मी दोष देणार नाही.

तरी त्याच अलास्कात, युकॉन-कुस्कोक्विम नद्यांच्या खाजणात, गोष्ट बदलली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कॅकलिंग गीझची संख्या फार खाली आली. तेव्हा युपिक (तिथले मूळ रहिवासी) गावं, सरकारी खाती आणि हे पक्षी हिवाळ्यात जिकडे जातात त्या कॅलिफोर्नियाकडचे शिकारी एकत्र बसले. गावांनी स्वतःहून काही जातींची शिकार थांबवायचं कबूल केलं, बाकीच्यांनीही आपापल्या बाजूने कमी केलं, आणि त्याच सुमाराला, १९८५पासून, गावांतल्या पक्ष्यांच्या शिकारीची नोंद सुरू झाली. कागदावर बंदी तेव्हाही होती. फरक असा की आकडा कशासाठी हवाय हे गावाला माहीत होतं, आणि ठरवणाऱ्यांत गाव स्वतः होतं.

म्हणून तुम्ही तिथे पोचल्यावर पहिलं काम फॉर्मचं नाही. गावातल्या शिकारी आणि सापळेकऱ्यांच्या संघटनेच्या (तिथे सगळे ‘एचटीओ’ म्हणतात) बैठकीला बसा आणि सरळ सांगा: हा आकडा अमुक निर्णयासाठी, अमुक लोक बघणार, मूळ नोंदवह्या इथे या कपाटात राहणार, नावं बाहेर जाणार नाहीत, आणि निकाल बाहेर छापण्याआधी इथे वाचून दाखवणार. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुमच्या प्राध्यापकांना यातलं एखादं वचन देता येत नसेल, तर ते आत्ताच विचारून घ्या. तिथे गेल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो.

आणि ‘मोजणी’ ही आपण बाहेरून नेलेली वस्तू आहे असं समजून जाऊ नका. १९३०च्या दशकात जेम्स बेच्या किनाऱ्यावर बीव्हर (पाण्यात राहणारा, फरसाठी धरला जाणारा प्राणी) जवळजवळ संपले होते. ते राखायला राखीव क्षेत्रं केली, तेव्हा प्रत्येक शिकारभूमीचा क्री प्रमुख आपल्या हद्दीतली बीव्हरची घरटी मोजून नोंदवायचा, आणि त्यावरून किती धरायचे ते ठरायचं. त्या मोजणीमुळे त्यांना ‘टॅलीमन’ (मोजणारा) हे नाव पडलं. आज त्या भूमीचा कारभार बघणाऱ्या माणसाला क्री प्रदेशात अजूनही टॅलीमनच म्हणतात.

आता फॉर्म. माझ्या पहिल्या वर्षीच्या फॉर्ममध्ये प्रत्येक प्राण्यापुढे एक चौकोन होता, त्यात आकडा लिहायचा. काही नसेल तर मोकळा. वर्षाअखेरीस मोकळ्या चौकोनांचा ढीग घेऊन बसले तेव्हा कळलं, मी काय करून ठेवलं होतं. तो माणूस गेलाच नव्हता? गेला आणि हात हलवत परत आला? सांगायचं नव्हतं? की मीच विचारायला विसरले? चार अगदी वेगळ्या गोष्टी, आणि कागदावर चारही सारख्याच कोऱ्या. त्या वर्षीच्या सीलच्या आकड्यावर माझा आजही विश्वास नाही. तेव्हा या चारींना चार खुणा ठेवा, आणि ‘गेला पण मिळालं नाही’ हे तर जपून लिहा. किती दिवस बाहेर होता, किती जणांबरोबर, स्नोमोबाइलवर की होडीने, हेही. याचं कारण पुढे येईल.

स्मरणाचं म्हणाल तर मोठं जनावर माणूस विसरत नाही. कॅरिबू (उत्तरेतलं रेनडिअर), अस्वल, नार्व्हाल (लांब सुळ्याचा छोटा व्हेल) वर्षभराने विचारा, दिवस आणि हवा सांगेल. पण टार्मिगन (आपल्या तित्तिराएवढा, हिवाळ्यात पांढरा होणारा पक्षी) किंवा मासे वर्षभराने विचारले की उत्तरं १०, २०, ५० अशी गोल यायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे दर महिन्याला विचारणं, आणि मधल्या काळासाठी स्वयंपाकघरात लावायला चित्रांचं कॅलेंडर. रेघा मारायला पेन्सिल दोरीने बांधून द्या, नाहीतर ती आठवड्यात हरवते. मासे नगावर विचारू नका. जाळी किती, टब किती, पोतं किती असं त्यांच्या मापात लिहा, आणि दोन-चार टब स्वतः मोजून रूपांतर काढा. आणखी एक गंमत. तिथला मुख्य मासा आर्क्टिक चार. माझ्या खासगी वहीत मी मराठीत टिपणं काढायचे, आणि ‘चार चार’ म्हणजे चार नावाचे चार मासे की नुसती पुनरुक्ती, यावर एका संध्याकाळी माझं मलाच हसू आलं. तेव्हापासून मी इनुक्तितुत नावंच लिहायला लागले: कॅरिबू म्हणजे तुक्तू, रिंग्ड सील म्हणजे नत्सिक. लोकांशी बोलतानाही तीच वापरा.

दोन भाऊ मिळून गेले, पाच कॅरिबू आणले. थोरल्याला विचारलं, पाच. धाकट्याला विचारलं, पाच. तुमच्या वहीत झाले दहा. तो खोटं बोलला नाही, तुमचा प्रश्न ढिला होता. ‘तुम्ही स्वतः पाडलेले किती’ आणि ‘घरी किती मांस आलं’ हे दोन प्रश्न सुटे ठेवा. दुसऱ्याचा प्राण्यांच्या बेरजेशी संबंध नाही, पण त्यावरून गावात मांस कोणाकडून कोणाकडे जातं ते दिसतं. विधवेच्या, म्हाताऱ्यांच्या घरात कोणीही शिकारी नसताना फ्रीजर कसा भरतो, हे ज्याला दिसलं नाही त्याने ‘या गावाला किती लागतं’ याबद्दल न बोललेलं बरं. आणि फक्त पुरुषांना विचारू नका. बर्फाला भोक पाडून मासे धरणं, अंडी गोळा करणं, सशांचे फास लावणं हे बायका आणि पोरं पुष्कळ करतात. ‘शिकारी’ म्हणून यादीत त्यांचं नाव नसतं.

सर्वांत नाजूक प्रश्न आहे हातातून निसटलेल्या जनावराचा. वसंतात आणि उन्हाळ्यात सीलच्या अंगावरची चरबी कमी झालेली असते, वर बर्फ वितळून पृष्ठभागाचं पाणी गोडं झालेलं. त्यामुळे गोळी लागलेला सील तरंगायच्या ऐवजी बुडतो. हार्पून (दोरी बांधलेला भाला) पोचेपर्यंत गेला. प्राण्यांच्या संख्येच्या हिशोबात तो मेलेलाच आहे, पण ‘किती मिळाले’ या प्रश्नाच्या उत्तरात तो येत नाही. ‘किती वाया घालवले?’ असं विचारलंत तर घरातलं तापमान बाहेरच्याइतकं होईल. मी विचारायचे, ‘यंदा पाणी कसं होतं, बुडाले का बरेच?’ मग माणूस पाण्याबद्दल बोलतो, आणि आकडा त्यातच येतो.

तिसरा प्रश्न, एकूण आकड्याचा. इथे नवीन माणूस हमखास फसतो. अलास्काच्या खेड्यांत अनेक वर्षांच्या घरोघरच्या सर्वेक्षणांत दिसलेलं एक प्रमाण आहे: साधारण ३० टक्के घरं गावाचं साधारण ७० टक्के अन्न आणतात. तुमच्या गावात ते थोडं इकडेतिकडे असेल, पण उतार असाच असणार. आता बघा, तुम्ही दार वाजवता तेव्हा घरी कोण सापडतं? जो कमी जातो तो. पट्टीचा शिकारी बाहेर बर्फावर असतो. म्हणजे जे भेटले नाहीत ते ‘कोणीही’ नसतात, नेमके तेच असतात.

समजण्यापुरतं एक कल्पित गाव घेऊ. ६० शिकारी. त्यातले १५ पट्टीचे, वर्षाला सरासरी २० कॅरिबू आणणारे; ४५ अधूनमधून जाणारे, सरासरी २. खरी बेरीज ३०० अधिक ९०, म्हणजे ३९०. तुम्हाला भेटले पट्टीचे ५ आणि अधूनमधूनचे ४०. त्यांची बेरीज १८०, माणशी ४. याला सरळ ६०ने गुणलंत तर २४०. दीडशे कॅरिबू हवेत विरले, आणि ७५ टक्के लोक भेटले म्हणून अहवालात तुम्ही खुशीने लिहाल. तेच गट सुटे ठेवून गुणा: १५ गुणिले २०, ४५ गुणिले २, पुन्हा ३९०. म्हणून सुरुवातीलाच संघटनेतल्या दोघा-तिघा जाणत्यांना बसवून यादीतली प्रत्येक व्यक्ती कोणत्या गटात बसते ते विचारा. पट्टीच्या गटातला एकही सोडू नका, रात्री ११ला परतला तर दुसऱ्या दिवशी दुपारी जा. दुसऱ्या गटातून नमुना चालतो. हे गटवार काम गावातल्याच एखाद्या माणसाने, पगार घेऊन करावं, आणि तुम्ही त्याच्या हाताखाली असावं, असं माझं मत आहे. कोण कधी घरी असतो ते त्याला माहीत असतं, तुम्हाला नाही.

आकडा हातात आला, तरी तो बोलतोय काय? पाठ्यपुस्तकातला लिंक्स (एक रानमांजर) आणि सशाचा तो वरखाली जाणारा आलेख तुम्हाला पाठ असेल. तो कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या हिशोबातून आला, म्हणजे मुळात सापळे लावणाऱ्यांच्या कष्टाची ती नोंद आहे. चक्र खरं आहे, पण कातड्यांच्या संख्येत भाव, रोगराई, किती माणसं सापळ्यांवर गेली हे सगळं मिसळलेलं असतं. तुमच्या आकड्याचंही तसंच. कॅरिबू निम्म्यावर आले, म्हणजे कळप घटला? की पेट्रोल महागलं, खाणीत नोकऱ्या लागल्या, खाडी उशिरा गोठली? बाहेरचे दिवस लिहिले असतील तर सांगता येतं, नाहीतर भांडता येतं फक्त. म्हणून वर म्हटलं, रिकाम्या हाताने परतलेल्याची नोंद जपा. पाठीवरची चरबी किती बोटं, हाडातला मगज कसा, यकृतावर काही दिसलं का, हेही विचारा. जनावर सोलणारा माणूस ते रोज बघतो.

आणि संख्येत न बसणारं जे ऐकाल ते कोपऱ्यात का होईना, लिहा. १९७७ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने अलास्कातली बोहेड व्हेलची शिकार शून्यावर आणली, कारण मोजणीत फार थोडे व्हेल दिसत होते. शिकारी म्हणत होते, तुम्ही बर्फाच्या काठावरून मोजता, व्हेल बर्फाखालून आणि लांबूनही जातात. त्याच वर्षी त्यांनी आपला व्हेलिंग आयोग उभा केला. वर्षाअखेरच्या तडजोडीत १९७८साठी १२ व्हेल किनाऱ्याला आणायचे किंवा १८ हार्पून लागलेले, यातलं जे आधी भरेल ते, असा कोटा ठरला. (निसटलेलं जनावरही मोजायचं, ते असं.) पुढे पाण्याखाली मायक्रोफोन सोडून ऐकलं, तर व्हेल खरंच बर्फाखालून जात होते. २००१च्या मोजणीत अंदाज दहा हजारांच्या वर गेला. हॅरी ब्राउवर यांच्यासारख्या जुन्या कप्तानांनी शास्त्रज्ञांना हे समजावण्यात वर्षं घालवली होती. माझ्या फॉर्मच्या पाठीमागे मी कायम अर्धं पान कोरं ठेवायचे, ते या गोष्टीमुळे.

जागेची नोंद किती बारीक ठेवायची, हे गाव आणि प्राणी बघून ठरवा. खाणीचा रस्ता येऊ घातला असेल तर नकाशा गावाच्या कामी येतो. पण एखाद्याच्या चांगल्या तळ्याचा अचूक बिंदू बाहेर पडला तर तो माणूस पुढल्या वर्षी तुमच्याशी बोलणार नाही. मी मोठे चौकोन आखून त्यातच नोंद करायचे. आता सिकू नावाचं ॲप आहे (इनुक्तितुतमध्ये सिकू म्हणजे समुद्रावरचा बर्फ), नुनावुतमधल्या सानिकिलुआक गावच्या लोकांबरोबर घडलेलं, २०१९मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं. त्यात शिकारी आपली नोंद स्वतः करतो आणि कोणाला दाखवायची तेही तोच ठरवतो. तरुण पोरं ते वापरतात. म्हाताऱ्यांसाठी चहा आणि पेन्सिल.

तुम्ही जाता जाता लिहिलंय, की परत आल्यावर गडचिरोलीत असं काही करता येईल का. घाई करू नका. तिथे १९७२चा वन्यजीव कायदा आहे. वनहक्क कायद्यानेही (२००६) परंपरागत हक्क देताना शिकार आणि सापळे त्यातून स्पष्ट वगळले आहेत. म्हणजे तुमच्या वहीतली नावानिशी नोंद हा एखाद्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतो. ती वही ठेवूच नये. मासे मात्र त्याच कायद्यात सामूहिक हक्कांत येतात, तेव्हा ग्रामसभेला हवं असेल तर तळ्या-नद्यांतल्या माशांपासून सुरू करता येईल, आणि वर सांगितलेलं बहुतेक सगळं तिथे लागू पडेल.

राहिला शाकाहाराचा प्रश्न. पहिल्याच घरात तुमच्यापुढे गोठलेलं कॅरिबूचं मांस किंवा कच्चा मासा येईल, आणि तो पाहुणचार आहे. कारणं काढू नका, पोट बिघडलंय वगैरे सांगू नका. दोन दिवसांत गावभर होतं. ‘आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या खात नाहीत, आजीने असंच वाढवलं’ एवढं सांगा. आजीचं नाव निघालं की विषय संपतो, हा माझा अनुभव. फक्त ‘प्राण्यांची दया येते म्हणून’ असं चुकूनही म्हणू नका. सीलच्या कातड्याविरुद्धच्या मोहिमांनी आणि २००९च्या युरोपच्या बंदीने तिथल्या घरांचं उत्पन्न कसं आटलं ते त्यांना अजून आठवतं. बंदीत इनुइटांना सूट होती, पण बाजारच बसला. चहा घ्या, कितीही कप. सोबत बॅनक येईल, जाड भाकरीसारखा असतो, छान लागतो. तो पुष्कळदा चरबीत तळतात, तेव्हा पहिला घास घेण्याआधी विचारून घ्या.